एक तास प्लाउ लेनसाठी: विम्बल्डनला येणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

जून लागला की दक्षिण लंडनमधल्या आम्हा मराठी लोकांचे फोन वाजायला लागतात. कुणाच्या आतेभावाला बॅलटमध्ये, म्हणजे तिकिटांच्या सोडतीत, तिकीट लागलेलं असतं, कुणी ठाण्याहून नुसत्या रांगेच्या भरवशावर निघालेलं असतं, कुणाला दोन रात्रींपुरती पथारी टाकायला जागा हवी असते. या, जरूर या. जागाही आहे आणि सकाळी पोहेही मिळतील. पण दरवर्षी एक गोष्ट मनात राहते, ती यंदा जाहीरपणे लिहून टाकतो.

तुम्ही साउथफील्ड्सला उतरता, टेनिससाठी चर्च रोडला जाता, स्ट्रॉबेरी खाता, टॉवेल विकत घेता, हिरवळीसमोर फोटो काढता आणि 'विम्बल्डन पाहिलं' म्हणून परत जाता. तिथून दोनेक मैलांवर प्लाउ लेन नावाचा रस्ता आहे. तिकडे तुमच्यापैकी कुणी फिरकत नाही. फिरकायला कुणी सांगतही नाही, हा भाग वेगळा. टूरवाल्यांच्या कागदावर ते नाव नसतं आणि आपल्या मंडळाच्या सहलींमध्येही मी ते कधी पाहिलेलं नाही. म्हणून हे पत्र. मागणं एवढंच की त्या दोन दिवसांतला एक तास प्लाउ लेनसाठी काढा, आणि जाण्याआधी रॉनी मूर या मोटरसायकल शर्यतवाल्याची गोष्ट ऐकून जा. नाहीतर तिथं तुम्हाला एक फुटबॉलचं मैदान आणि बऱ्याच फ्लॅटच्या इमारती एवढंच दिसेल.

त्या मैदानाच्या जागी १९२८ पासून एक स्टेडियम होतं. कुत्र्यांच्या शर्यती तिथं व्हायच्या आणि त्याच वर्षापासून स्पीडवेही. स्पीडवे म्हणजे मोटरसायकलच्या शर्यतीतला सगळ्यात उघडावाघडा प्रकार. लांबट गोल ट्रॅक, त्यावर भुरभुरीत लालसर खडी. चार गडी, चार फेऱ्या, एका मिनिटाच्या थोडं पुढेमागे खेळ खलास. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच. ब्रेक नाही, कारण चौघं खेटून जात असताना एकानं मध्येच ब्रेक दाबला तर मागचा अंगावर येणार. मग वळणावर करायचं काय? थ्रॉटल कमी करायचा नाही, उलट द्यायचा. मागचं चाक बाहेर फेकलं जातं, पुढचं चाक वळणाच्या उलट्या दिशेला, आणि गाडी आडवी सरकत वळण घेते. डावा पाय खाली टेकवलेला, त्या बुटाला खालून पोलादाचा तळवा पट्ट्यांनी बांधलेला. शर्यत नसताना गडी चालतो तेव्हा त्या पायाचा खणखण आवाज येतो. सुरुवातीला समोर फिती ताणलेल्या असतात. चौघं क्लच दाबून, इंजिन किंचाळत ठेवून, फितीला चाक न लावता उभे. फीत उडाली की पहिल्या वळणाला जो आत घुसला त्याची निम्मी शर्यत झाली.

पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. लीगच्या सामन्यात एका हीटला, म्हणजे एका शर्यतीला, दोन्ही संघांचे दोन-दोन गडी असतात. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या खालोखाल लोक कशाला जात असतील तर स्पीडवेला. वेम्बलीवर जगज्जेतेपदाची फायनल असली की नव्वद हजारांच्या आसपास माणूस जमायचा. त्या काळात चर्च रोडवर फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता, पैसे घेऊन खेळणाऱ्याला १९६८ पर्यंत स्पर्धेचं दार बंद. रॉड लेव्हरसारखा माणूस व्यावसायिक झाला म्हणून पाच वर्षं बाहेर राहिला. प्लाउ लेनवर असली सोवळीओवळी नव्हती. तिथं शर्यतीला उभे राहिलात की पैसे, गुण मिळवलात की पैसे, आणि हाड मोडलं तर घरी बसा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला यातला दुसरा व्यवहार जास्त सरळ वाटतो.

या प्लाउ लेनवर १९५० साली सतरा वर्षांचा एक पोरगा आला. रॉनी मूर. जन्म टास्मानियातल्या होबार्टचा, वाढला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला. त्याचे वडील लेस मूर स्वतः शर्यती खेळत आणि 'वॉल ऑफ डेथ'चा खेळ चालवत. आपल्या जत्रेत तो 'मौत का कुआँ' असतो ना, लाकडी फळ्यांच्या उभ्या विहिरीत मोटरसायकल फिरवतात आणि आपण वरून वाकून बघतो, तोच. रॉनी लहानपणीच त्या भिंतीवर गाडी चालवत होता. त्यामुळे आडवी झालेली गाडी हे त्याच्यासाठी नवल नव्हतं. विम्बल्डनच्या स्पीडवे संघाचा कप्तान नॉर्मन पार्कर न्यूझीलंडला गेला असताना त्यानं हा पोरगा हेरला. प्लाउ लेनचा कारभार तेव्हा रॉनी ग्रीन यांच्याकडे होता, युद्धकाळात अग्निशमन दलात नाव काढलेले कडक गृहस्थ. त्यांनी पोराला ठेवून घेतलं. एप्रिल-मेमध्ये आलेला हा मुलगा सप्टेंबरात वेम्बलीच्या फायनलला पात्र ठरला होता. तोवर एवढ्या लहान वयात कुणी तिथवर पोचलं नव्हतं.

चार वर्षांनी, १९५४ ला, तो जगज्जेता झाला. फायनलची पद्धत अशी: सोळा जण, वीस हीट, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. म्हणजे जास्तीत जास्त पंधरा गुण. मूरनं पंधराच्या पंधरा घेतले. त्याआधी थोडेच दिवस त्याचा पाय मोडलेला होता. एकवीस वर्षांचं वय, दुखरा पाय, ब्रेक नसलेली गाडी आणि पाचही हीटमध्ये पहिला. १९५५ आणि १९५६ ला दुसरा आला. १९५९ ला पुन्हा पंधरा गुणांनिशी जगज्जेता. १९६० ला तिघांचे चौदा-चौदा झाले, मूर, स्वीडनचा ओवे फुंडिन आणि इंग्लंडचा पीटर क्रेव्हन. तिघांत फेरशर्यत लावली, फुंडिन जिंकला, मूर दुसरा.

पण हे पत्र मी त्याच्या पदकांसाठी लिहीत नाही. पदकं मोजायची तर त्याच्याच गावातले दोघं त्याच्या पुढे गेले, त्यांच्याकडे येतोच. मूर आठवतो तो प्लाउ लेनच्या 'डॉन्स'साठी, म्हणजे विम्बल्डनच्या स्पीडवे संघासाठी. ब्रिटनमधलं त्याचं नाव या एका क्लबाशी जोडलं गेलं. विम्बल्डननं १९५४, ५५, ५६, मग ५८, ५९, ६० आणि ६१ अशी सात वर्षं नॅशनल लीग जिंकली. मधलं १९५७ गाळलं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. त्या वर्षी स्विंडन जिंकलं. आणि १९५७ लाच मूर मोटरसायकल सोडून कार-रेसिंगला गेला होता. कूपर गाडी घेऊन युरोपभर हिंडला, त्यात फारसं काही हाती लागलं नाही, १९५८ ला प्लाउ लेनला परत आला आणि डॉन्स पुन्हा पहिले. एकाच माणसामुळे सगळं झालं असं मी म्हणणार नाही, संघात बाकीचेही गडी असतात. पण त्या काळच्या प्रेक्षकांनी हा हिशेब नक्कीच मांडला असेल.

आता ते गुणांचं गणित. समजा लीगच्या हीटमध्ये मूर पुढे आहे आणि त्याचा जोडीदार, एखादा नवखा पोरगा, तिसरा. समोरच्या संघाचा गडी मध्ये दुसरा. निकाल असाच लागला तर तीन अधिक एक, म्हणजे आपले चार, त्यांचे दोन. मूर सुटून पुढे गेला काय किंवा दोन हात पुढे राहिला काय, त्याचे तीन पक्के. पण तो मागे वळून बघतो, थ्रॉटल हलकासा सोडतो, आणि वळणावर अशा रेषेत गाडी धरतो की मधल्याला ना आतून जाता येतं ना बाहेरून. तेवढ्यात जोडीदार दुसऱ्या बाजूनं पुढे सरकतो. मग दोघं शेजारी-शेजारी, हँडलला हँडल लावून, शेवटच्या रेषेपर्यंत. तीन अधिक दोन, पाच. त्यांचा एक. हे ब्रेक नसलेल्या गाडीवर, घसरत असताना, मागे वळून बघत करायचं. याला टीम-रायडिंग म्हणतात आणि मूर त्यातला उस्ताद मानला जायचा. जगज्जेत्याला हे करायची गरज नव्हती, कारण त्याचे तीन गुण कुठं जात नव्हते. निष्ठा म्हणजे नेमकं काय असतं यावर आपल्याकडे भाषणं फार होतात. मला तरी ती या एका हीटमध्ये जास्त नीट दिसते.

एक योगायोग सांगतो, टेनिसवाल्यांसाठी. १९६० आणि १९६१, दोन्ही वर्षी आपले रामनाथन कृष्णन चर्च रोडवर उपांत्य फेरीत पोचले. एकदा फ्रेझरकडून हरले, एकदा लेव्हरकडून. त्याच दोन्ही वर्षी प्लाउ लेनवर डॉन्स लीग जिंकत होते. ही दोन विम्बल्डनं दोन मैलांवर होती आणि एकाच्या प्रेक्षकाला दुसऱ्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. एकीकडे पांढरे कपडे आणि टाळ्या, दुसरीकडे चामड्याचे कपडे, हातात लाकडी रॅटल, अंगावर उडणारी खडी आणि जळक्या एरंडेल तेलाचा वास. हो, एरंडेलच. इंजिनात ते घालायचे.

क्राइस्टचर्चच्या त्या दोघांची गोष्ट सांगतो, कारण त्यांच्याशिवाय मूरची निष्ठा उगाच गोडगोड वाटेल. बॅरी ब्रिग्ज १९५२ ला मूरच्या पाठोपाठ प्लाउ लेनला आला. १९५७ आणि ५८ ला जगज्जेता झाला, आणि १९५९ नंतर क्लब सोडून गेला. न्यू क्रॉस, साउथॅम्प्टन, मग स्विंडन. १९६४ आणि ६६ ला आणखी दोनदा जगज्जेता. तिसरा आयव्हन मेजर. तोही पोरसवदा वयात प्लाउ लेनला आला, ट्रॅकवर पडेल ती कामं केली, मुख्य सामने संपल्यावरच्या फुटकळ शर्यतींत धावला, संघात काही जागा मिळाली नाही आणि परत गेला. पुन्हा आला तो १९६३ ला, न्यूकॅसलकडे. पुढे बेल व्ह्यू, एक्सेटर, हल असे क्लब बदलत त्यानं सहा जगज्जेतेपदं घेतली. एका शहरातले तीन पोरगे, मिळून बारा जगज्जेतेपदं, आणि तिघंही याच गल्लीतून गेले. मेजरनं प्लाउ लेनशी एकनिष्ठ राहायचं ठरवलं असतं तर तो कदाचित खडी झाडतच राहिला असता. तेव्हा क्लब सोडणारा लबाड आणि राहणारा साधू असं काही नाही. क्लबानं ज्याला जागा दिली तो राहिला, ज्याला दिली नाही तो गेला.

मूरच्या बाबतीत मला भावतं ते त्याचं परत परत येणं. १९६३ ला पुन्हा पाय मोडला आणि त्यानं खेळ सोडला. गेला क्राइस्टचर्चला. कुणालाही वाटलं असतं की संपलं. १९६९ ला, छत्तिसाव्या वर्षी, तो परत आला आणि पुन्हा डॉन्सचाच अंगरखा घातला. हौस म्हणून नव्हे. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये माल्मोला जोड्यांचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि जोडीदार कोण, तर आयव्हन मेजर. प्लाउ लेनवर ज्याला जागा मिळाली नव्हती तो आणि प्लाउ लेन ज्यानं सोडली नाही तो, न्यूझीलंडच्या नावावर एकत्र. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मूर डॉन्सकडून खेळला. १९७५ ला ऑस्ट्रेलियात एका शर्यतीत डोक्याला जबर मार बसला आणि त्यानंतर शर्यत नाही. क्राइस्टचर्चला राहिला, नव्या पोरांना शिकवलं, ऑगस्ट २०१८ मध्ये गेला. वय ८५.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा डॉन्सचा बिल्ला आहे. त्याला खाली छोट्या-छोट्या धातूच्या पट्ट्या एकाखाली एक लटकवलेल्या, प्रत्येकीवर एकेक साल. दरवर्षी नवी पट्टी विकत घ्यायची आणि जुनीला अडकवायची, अशी तेव्हाची रीत. माळ लांब होत गेली की समजायचं, बाई पक्की आहे. त्या माळेत १९५७ ची पट्टीही आहे, ज्या वर्षी मूर नव्हता आणि लीग गेली. आणि मूर खेळ सोडून गेल्यानंतरच्याही आहेत. मला ते बघताना वाटलं की एकनिष्ठ राहायचं काम राइडर पगार घेऊन करतो, आणि ही बाई पदरचे पैसे घालून करत होती. बिल्ल्याची पिन आता वाकडी झाली आहे. आजोबा तो कुणाला हातात देत नाहीत, स्वतःच्या तळव्यावर ठेवून दाखवतात.

तुम्ही म्हणाल, आयपीएलच्या लिलावाच्या काळात हे काय घेऊन बसलात. बरोबर आहे, पण स्पीडवेतही आता ते दिवस नाहीत. ब्रिटनमध्ये संघ बांधताना गड्यांच्या सरासरी गुणांच्या बेरजेवर मर्यादा असते. एखादा पोरगा हंगामभर चांगला खेळला, त्याची सरासरी वाढली, की पुढच्या वर्षी बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि कुणाला तरी सोडावं लागतं. पुष्कळदा ज्याला घडवलं त्यालाच. संघ एकमेकांच्या तोडीचे राहावेत म्हणून हे केलं, आणि त्यात तथ्य आहे. सात-सात वर्षं एकच क्लब जिंकत राहिला तर बाकीचे प्रेक्षक घरी बसतील. त्यात चांगला राइडर आज ब्रिटनमध्ये, उद्या स्वीडनमध्ये, रविवारी पोलंडमध्ये, तीन देशांत तीन क्लब. मूरसारखी कारकीर्द आज कुणाला करायची म्हटली तरी नियमच करू देणार नाहीत. दोष राइडरच्या माथी मारू नका.

आणि क्लब तरी कुठं राहिले? डॉन्स १९९१ मध्ये प्लाउ लेनवरून हलले. २००२ ला पुन्हा सुरू झाले, २००५ ला भाड्यावरून जमेना म्हणून बंद पडले, ते कायमचे. कुत्र्यांची शेवटची शर्यत मार्च २०१७ मध्ये झाली आणि मूर गेला त्याच वर्षी जुनं स्टेडियम पाडलं गेलं. हे वाचून 'मग बघायचं काय' असं वाटलं असेल, तर हेच बघायचं आहे.

कारण त्या जागेवर आज जे उभं आहे ते एएफसी विम्बल्डनचं मैदान आहे. फुटबॉलवाल्यांनाही 'डॉन्स'च म्हणतात. जुन्या विम्बल्डन फुटबॉल क्लबाचं मैदानही प्लाउ लेनवरच होतं, या जागेपासून हाकेच्या अंतरावर. मालकांनी तो क्लब इथून साठेक मैलांवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचा ठरवला आणि २००२ ला त्याला परवानगीही मिळाली. प्रेक्षक गेले नाहीत. त्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला, खूप खालच्या पातळीवरून खेळायला सुरुवात केली, वर चढत पुन्हा लीगमध्ये आले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेनला परतले. क्लबाची सूत्रं आजही प्रेक्षकांच्या ट्रस्टकडे आहेत. ज्या जमिनीवर मूर परत परत आला तिथं हे लोक परत आले, हे मी जुळवून आणलेलं नाही. कुत्र्यांच्या स्टेडियमची जागा मोकळी झाली आणि नगरपालिकेनं परवानगी दिली, इतकं ते व्यवहारी आहे. शेजारचे आजोबा तर त्यावर अजून चिडलेले आहेत. त्यांच्या मते फुटबॉलवाल्यांनी घर मिळवलं ते स्पीडवेचं घर पाडून. त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही.

तेव्हा जाल तेव्हा कसं जायचं ते सांगतो. सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन हेडन्स रोड. तिथून दहा-एक मिनिटं चालत. विम्बल्डन स्टेशनवरून चालत निघालात तर पंचवीस मिनिटं धरा, वाटेत चहा मिळेल. वॅन्डल नावाची छोटी नदी जवळून वाहते, तिच्या कडेनं पायवाट आहे, मुलं बरोबर असतील तर ती धरा. टेनिसच्या पंधरवड्यात फुटबॉलचा हंगाम बंद असतो, त्यामुळे आत सामना बघायला मिळणार नाही. ऑगस्टपर्यंत थांबणार असाल तर तिकिटं चर्च रोडपेक्षा पुष्कळ सोपी आहेत आणि रात्रभर रांगेत झोपावं लागत नाही. मंडळाच्या सहली आखणाऱ्यांनी हे आपल्या कागदावर टाकावं, एवढी विनंती. बस आमच्या गल्लीत लावू नका, शेजारी कटकट करतात. आणि माझ्याकडे उतरणार असाल तर येताना थोडं मेतकूट आणा, इथलं संपत आलंय.

आपला,
दक्षिण लंडनमधला एक मराठी रहिवासी